वीज गेल्यावरही चालेल असा अभ्यासक्रम: युद्धकाळातल्या विद्यार्थ्यांसाठी डिजिटल साहित्य कसं तयार करावं

२०२२ पासून ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांनी युक्रेनमधल्या एकेका विद्यापीठाशी जोडी जमवली. त्यातून, आणि इतर वाटांनीही, मराठी प्राध्यापक युक्रेनच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्याससाहित्य बनवू लागले. त्यांचं साहित्य पाहताना मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. पहिल्या दिवशी कॅमेरा लावून तासाभराचं लेक्चर रेकॉर्ड होतं, ते यूट्यूबवर चढतं, लिंक जाते, आणि महिन्याभराने कळतं की निम्म्या मुलांनी ते उघडलेलंच नाही.

मुलं आळशी नाहीत. १० ऑक्टोबर २०२२ पासून युक्रेनच्या वीजव्यवस्थेवर मोठे हल्ले सुरू झाले आणि तेव्हापासून वेळापत्रकानुसार वीज बंद ठेवण्याचे हंगाम पुन्हा पुन्हा येत राहिले. जे दोन-तीन तास वीज मिळते त्यात फोन चार्ज करायचा, स्वयंपाक करायचा, पंप चालू आहे तोवर पाणी भरायचं, अंघोळ उरकायची. त्या वेळात कुणी ८०० एमबीचा व्हिडिओ डाउनलोड करत बसणार नाही.

म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. खरा अभ्यासक्रम म्हणजे वीज आणि नेट दोन्ही नसताना विद्यार्थ्याच्या फोनमध्ये जे आहे ते. थेट तास ही त्यावरची जोड. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने घ्या, कारण क्रम बदलला की काम दोनदा करावं लागतं.

## टप्पा १: बनवण्याआधी विचारा

तिथल्या स्थानिक प्राध्यापकांमार्फत विद्यार्थ्यांना छोटी प्रश्नावली पाठवा. ऑनलाइन फॉर्म नको, साधा मजकूर पाठवा म्हणजे चॅटमध्येच उत्तर देता येईल. पाच गोष्टी पुरेत:

- लॅपटॉप आहे की फक्त फोन? फोनमध्ये मोकळी जागा किती?
- वीज गेल्यावर नेट चालतं का, आणि किती वेळ?
- आठवड्यातून एकदा तरी भरवशाचं नेट मिळेल अशी जागा आहे का?
- वाचायला कोणती भाषा सोपी जाते?
- हवाई हल्ल्याच्या वेळी निवाऱ्यात असताना वाचन शक्य असतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरागणिक बदलतं. इमारतीच्या जिन्यात स्विच बसवून घराघरांत वायर नेलेली असेल, तर इमारतीची वीज गेली की नेटही जातं. जीपॉन पद्धतीच्या फायबरमध्ये मधले विभाजक विजेशिवाय चालतात. त्यामुळे इंटरनेट कंपनीच्या टोकाला आणि घरातल्या राउटरला वीज असली की नेट सुरू राहतं. म्हणूनच तिथे पॉवर बँकेला १२ व्होल्टची केबल लावून राउटर चालवण्याची पद्धत रुळली. साधा हिशोब असा: २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे कागदावर ७४ वॅट-तास, गळती धरून साधारण ६०. राउटर आणि फायबरचा डबा मिळून ८ वॅट खात असतील तर सात तासांच्या आसपास. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या मात्र लांबलेल्या अंधारात दम तोडतात, शिवाय तेव्हा सगळा परिसर एकाच टॉवरवर येतो.

लोकांना ऊब, चार्जिंग आणि नेट मिळावं म्हणून नोव्हेंबर २०२२ पासून युक्रेनमध्ये ‘अजिंक्यतेची केंद्रं’ उघडली गेली. तिसऱ्या प्रश्नाला कित्येकांचं उत्तर हेच असतं. तुमच्या आठवड्याच्या साहित्याचा संच अशा ठिकाणी दहा मिनिटांत उतरवता आला पाहिजे, एवढं माप पक्कं धरा.

सावध: घराचा पत्ता, घरातलं कोण सैन्यात आहे, सध्या नेमके कुठे राहता, हे विचारू नका. अभ्यासक्रमासाठी त्याची गरज नाही, आणि एकदा गोळा झालेली माहिती कुणाच्या हाती लागेल हे तुमच्या हातात राहत नाही.

## टप्पा २: नावं, चेहरे आणि याद्या

बहुतेक मार्गदर्शिकांमध्ये हा टप्पा शेवटी असतो. मी तो मुद्दाम साहित्याच्या आधी घेते, कारण विद्यार्थ्यांची यादी एकदा ईमेलने फिरली की परत घेता येत नाही.

काही विद्यार्थी रशियाच्या ताब्यातल्या भागातून गुपचूप युक्रेनच्या विद्यापीठात शिकत असतात. त्यांच्यासाठी वर्गाच्या यादीतलं नावसुद्धा धोक्याचं असतं. म्हणून:

१. ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या प्रणालीत नावाऐवजी संकेतांक वापरा. कोणता संकेतांक कुणाचा, हे फक्त तिथल्या विद्यापीठाला माहीत असावं. तुम्हाला कळण्याची गरज नाही.

२. थेट तासात कॅमेरा सक्तीचा करू नका. कॅमेरा लावलाच तर मागे खिडकी नसावी.

३. विद्यार्थी दिसत असतील तर तास रेकॉर्ड करू नका. रेकॉर्डिंग हवं असेल तर तुमचा भाग तुम्ही वेगळा रेकॉर्ड करा.

४. ‘आमच्या युक्रेनियन विद्यार्थ्यांसोबत’ असा स्क्रीनशॉट समाजमाध्यमांवर टाकू नका. हेतू चांगला असतो हे मला कळतं, पण त्या चौकटींमध्ये नावं आणि चेहरे असतात.

५. हल्ला कुठे झाला, काय पडलं, असं चॅटवर विचारू नका. सैन्याची ठिकाणं आणि हालचाली यांची माहिती पसरवणं हा युक्रेनमध्ये मार्च २०२२ पासून गुन्हा आहे. तुमच्या काळजीपोटी विचारलेल्या प्रश्नाने विद्यार्थी अडचणीत यायला नको. ‘बरा आहेस ना?’ एवढं पुरतं.

तपासा: तुमच्या लॅपटॉपवर, मेलमध्ये, गूगल शीटमध्ये विद्यार्थ्यांच्या खऱ्या नावांची यादी आहे का? असेल तर पुढच्या टप्प्याआधी ती स्थानिक समन्वयकाकडे सोपवा आणि तुमच्याकडची काढून टाका.

## टप्पा ३: अभ्यासक्रम छाटा

पंधरा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे तसा ओढू नका. त्यातले कोणते घटक पुढच्या विषयाला लागतात आणि कोणते फक्त परंपरेने शिकवले जातात, ते वेगळं करा. नऊ-दहा घटक उरतील. प्रत्येक घटक होईल तितका स्वतंत्र ठेवा, कारण विद्यार्थी तिसरा आणि पाचवा आठवडा चुकवून सहाव्यात परत येणार आहे. जिथे अवलंबून राहणं टळत नाही, तिथे घटकाच्या पहिल्या पानावर ‘यासाठी घटक २ मधली ही तीन सूत्रं लागतील’ असं लिहा आणि ती सूत्रं तिथेच द्या. मागे जाऊन शोधायला लावू नका.

## टप्पा ४: आठवड्याचा संच, आधी मजकूर

प्रत्येक घटकाचा एक फोल्डर करा. त्यात सर्वांत आधी मजकूर तयार होतो. मजकूर बँडविड्थ मागत नाही, बॅटरी कमी खातो, छापता येतो आणि निवाऱ्यातल्या मंद उजेडात फोनवर वाचता येतो.

अ. आठ ते बारा पानांचं टिपण. ईपब आणि पीडीएफ, दोन्ही द्या. ए-४ आकाराच्या पीडीएफमध्ये फोनवर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवावी लागते. ईपबमधली अक्षरं पडद्याच्या रुंदीप्रमाणे बसतात. पीडीएफ छपाईसाठी राहू द्या.

आ. स्कॅन नको. पुस्तकाची पानं रंगीत स्कॅन केली की पानामागे एक एमबी सहज जातो. वीस पानांचा टंकलिखित मजकूर मात्र एका एमबीच्या आत बसतो. शिवाय स्कॅनमध्ये शब्द शोधता येत नाही.

इ. पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरं. उत्तरं त्याच फाईलच्या शेवटी हवीत. ‘उत्तरं पुढच्या तासाला’ असं इथे चालत नाही, कारण पुढचा तास होईल याची खात्री नसते.

ई. फाईलचं नाव. रोमन अक्षरं आणि अंक एवढंच वापरा, मोकळी जागा सोडू नका. आधी दोन अंकी घटक क्रमांक, मग प्रकार, शेवटी आवृत्तीची तारीख. सिरिलिक नावांच्या फाईली झिप करून वेगळ्या संगणकावर उघडल्या की नावांच्या जागी भलतीच चिन्हं येतात, आणि वीस फाईलींमध्ये सहावी कोणती हे कळेनासं होतं.

आता भाषा. इथे आपल्याकडून एक विशिष्ट चूक होते. सोव्हिएत काळात तिकडे शिकून आलेल्या आपल्या डॉक्टर-इंजिनिअर मंडळींकडे रशियन पुस्तकं असतात आणि ‘त्यांना रशियन समजतंच की’ म्हणून ती स्कॅन करून पाठवली जातात. अनेकांना रशियन समजते हे खरं आहे. पण ज्या देशावर रशियाने हल्ला केला, तिथल्या मुलांना न विचारता रशियन साहित्य पाठवू नका. युक्रेनियन किंवा इंग्रजी वापरा. यंत्राकडून भाषांतर केलं असेल तर निदान पारिभाषिक शब्दांची यादी तिथल्या शिक्षकाकडून तपासून घ्या.

तयार साहित्य घ्यायचं असेल तर परवाना पाहून घ्या. ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकांच्या प्रकल्पाची बहुतेक पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहेत आणि पीडीएफ मोफत उतरवता येते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राची अनेक सिम्युलेशन्स एकेक फाईल म्हणून उतरवून नेटशिवाय चालतात, त्यांतली बरीच युक्रेनियनमध्येही आहेत. संदर्भासाठी किविक्स या मोफत ॲपवर विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. मात्र चित्रांसह पूर्ण इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीच्या घरात जातो, तेव्हा विषयापुरता निवडक संच घ्या.

तपासा: पूर्ण फोल्डर ३० एमबीच्या आत आहे का? नसेल तर कुठली तरी चित्रं मूळ आकारात राहिली आहेत. रुंदी १,२०० पिक्सेलवर आणा.

## टप्पा ५: मग आवाज, आणि शेवटी व्हिडिओ

टिपण तयार झाल्यावर ते समजावून सांगणारा आवाज रेकॉर्ड करा. दहा-बारा मिनिटांचे तुकडे, मोनो, ३२ केबीपीएस. हिशोब करा: या दराने पूर्ण तासाचा आवाज साडेचौदा एमबीपर्यंत बसतो. तेवढ्याच वेळाचा बऱ्या दर्जाचा व्हिडिओ ७०० एमबीच्या पुढे जातो. मुलं रांगेत उभी असताना, चालताना, अंधारात पडद्याचा उजेड न करता आवाज ऐकू शकतात. बोलताना ‘इथे बघा’, ‘ही आकृती’ असं म्हणू नका. ‘टिपणातली आकृती तीन, डावा कोपरा’ असं म्हणा.

व्हिडिओ फक्त तिथेच करा जिथे हालचाल दाखवल्याशिवाय समजत नाही: टाके घालणं, यंत्राचा भाग जोडणं, सॉफ्टवेअरमधल्या क्रिया. पाच मिनिटांच्या आत, ४८०पी. आणि व्हिडिओत जे आहे त्याचं टिपण लेखीही द्या, म्हणजे तो उतरला नाही तरी घटक अडत नाही.

माझ्या पहिल्या संचात बारा व्हिडिओ होते, मिळून जवळपास दीड जीबी. एका मुलीने दोन आठवड्यांत त्यातले तीन उतरवले आणि उरलेल्यांबद्दल माझी माफी मागितली. माफी मी मागायला हवी होती. त्यानंतर मी मजकुराआधी कॅमेरा उघडलेला नाही.

## टप्पा ६: मूडलमध्ये चढवणं

युक्रेनची अनेक विद्यापीठं मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली वापरतात. मूडलचं मोबाइल ॲप साहित्य उतरवून नेटशिवाय वापरू देतं, पण सेटिंग बरोबर असेल तरच.

१. फाईली थेट मूडलमध्ये चढवा. ड्राइव्हची किंवा यूट्यूबची लिंक दिली तर ॲपमध्ये फक्त लिंक उतरते, मूळ गोष्ट नाही. सर्वाधिक चुका इथेच होतात.

२. प्रश्नमंजुषेत ‘मोबाइल ॲपवर ऑफलाइन सोडवू द्या’ हा पर्याय शोधून चालू करा.

३. त्या प्रश्नमंजुषेला वेळमर्यादा लावू नका. वेळमर्यादा लावली की ऑफलाइन चालत नाही. निकाल शेवटी दाखवण्याचीच पद्धत निवडा, प्रत्येक प्रश्नानंतर लगेच उत्तर दाखवणारी पद्धत ऑफलाइन चालत नाही.

४. विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगा: नेट आल्यावर ॲप एकदा उघडायचं आणि समक्रमण (सिंक) झालं का ते पाहायचं. फोनमध्ये सोडवलेली उत्तरं सर्व्हरवर पोहोचली असं समजून मुलं निर्धास्त राहतात.

तपासा: एक जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन घ्या. विद्यार्थी म्हणून लॉगइन करा, एक घटक उतरवा, फ्लाईट मोड लावा, फोन बंद करून पुन्हा सुरू करा आणि पूर्ण घटक संपवून पाहा. जिथे अडाल तिथे दुरुस्ती करा. ही चाचणी तुमच्या रोजच्या चांगल्या फोनवर करून उपयोग नाही.

## टप्पा ७: प्रती कुठे ठेवायच्या

२ मार्च २०२२ रोजी खारकीव्हमध्ये काराझिन विद्यापीठाच्या इमारतीला हल्ल्यात आग लागली. मारिउपोलचं राज्य विद्यापीठ कीव्हला हलवावं लागलं, खेरसॉनचं इव्हानो-फ्रान्किव्हस्कला. लुहान्स्कचं विद्यापीठ तर दोनदा विस्थापित झालं: २०१४ मध्ये स्तारोबिल्स्कला आणि २०२२ मध्ये पोल्टावाला. तळघरातला एकच सर्व्हर म्हणजे काय जोखीम आहे, हे यावरून कळावं.

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा बॅकअपचा जुना नियम आहे. युद्धात ‘दुसरी जागा’ म्हणजे दुसरा देश. व्यवहारात असं करा:

मूडलमधून अभ्यासक्रमाचा बॅकअप दोनदा काढा. पहिला विद्यार्थ्यांच्या माहितीशिवाय. हा कुणालाही देता येतो, दुसऱ्या विद्यापीठाच्या मूडलवर तासाभरात उभा करता येतो. दुसरा विद्यार्थ्यांच्या माहितीसह, कूटबद्ध करून, आणि तो फक्त तिथल्या विद्यापीठाकडे. बॅकअप घेताना ‘नोंदणीकृत विद्यार्थी समाविष्ट करा’ या चौकोनातल्या खुणेकडे नीट लक्ष द्या. एका चुकीच्या खुणेने टप्पा २ मधली सगळी काळजी वाया जाते.

खाती आणि पासवर्ड यांचाही विचार इथेच करा. प्रशासक खातं एकाच माणसाकडे असेल आणि त्याचं शहर वेढलं गेलं तर? निदान दोघांकडे, दोन वेगवेगळ्या शहरांत. आणि कुणाचं खातं बाहेरून ताबडतोब बंद कसं करायचं, हे आधी करून पाहिलेलं असावं.

साहित्य वेबसाइटच्या रूपात विखुरलेलं असेल तर पानं जतन करा. १ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या, युक्रेनचा सांस्कृतिक वारसा ऑनलाइन वाचवणाऱ्या ‘सुचो’ उपक्रमात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी ब्राउझरट्रिक्ससारखी साधनं वापरून संग्रहालयं, ग्रंथालयं, अर्काइव्ह यांच्या हजारो साइट्स उतरवून ठेवल्या. तीच साधनं तुमच्या विभागाच्या पानांसाठीही चालतात.

सावध: घेतलेला बॅकअप पुन्हा उभा करून पाहिला नसेल तर त्याला बॅकअप धरू नका. महिन्यातून एकदा कोऱ्या मूडलवर तो उघडून पाहा.

## टप्पा ८: थेट तास

आता कुठे थेट तासाची वेळ आली. विषय शिकवायला त्याचा वापर करू नका, तो संचात आहे. शंका, चर्चा आणि एकमेकांचा आवाज ऐकणं यासाठी तास ठेवा. चाळीस मिनिटं पुरतात.

*वेळ.* भारत आणि युक्रेन यांच्यात उन्हाळ्यात अडीच तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. ऑक्टोबरनंतरच्या पहिल्या तासाला शिक्षक तासभर आधी येऊन बसतात आणि ‘कुणीच आलं नाही’ म्हणून खट्टू होतात. वेळ नेहमी कीव्हच्या घड्याळाने जाहीर करा.

*सायरन.* तुम्हाला सायरन ऐकू येणार नाही. तुमच्या वर्गात पाच प्रांतांतली मुलं असतील. खारकीव्हमध्ये सायरन वाजत असताना ल्विव्हमध्ये शांतता असू शकते. म्हणून पहिल्याच तासाला नियम सांगा: सायरन वाजला की चॅटमध्ये फक्त ‘१’ लिहायचं आणि निघायचं. परवानगी नाही, स्पष्टीकरण नाही, ‘पाच मिनिटं थांबतेस का’ नाही. अर्ध्याहून अधिक मुलं गेली तर तास तिथेच संपवा आणि त्या दिवशी काय राहिलं ते एका परिच्छेदात लिहून पाठवा.

हजेरीला गुण देऊ नका. गुण असले की मूल निवाऱ्याच्या दाराशी नेट पकडत उभं राहतं. तसं उभं राहण्याचं कारण आपण द्यायचं नाही.

## टप्पा ९: परीक्षा आणि नोंदी

कॅमेऱ्याने नजर ठेवणारं परीक्षा सॉफ्टवेअर इथे वापरू नका. त्याला सलग नेट, सलग वीज आणि एकांत लागतो, आणि तिन्ही नाहीत. पुस्तक उघडून लिहिता येईल अशी प्रश्नपत्रिका द्या, मुदत तासांत नाही तर दिवसांत ठेवा. मी ७२ तास ठेवते. हातानं लिहिलेल्या पानांचा फोटो स्वीकारा. तोंडी परीक्षा हवी असेल तर प्रत्येकाला आधीच दोन वेळा द्या, म्हणजे पहिली हुकली तर अर्ज करत बसावं लागत नाही. मुदत आपोआप वाढते हे प्रश्नपत्रिकेवरच छापा. रात्र बॉम्बहल्ल्यात गेलेल्या मुलीला सकाळी विनंतीचा मेल लिहायला लावू नका.

प्रत्येक घटक संपला की गुणांची नोंद तिथल्या विद्यापीठाकडे लगेच पाठवा. सत्र संपेपर्यंत साठवू नका. मूल देश सोडून गेलं तर पुढच्या विद्यापीठाला घटकनिहाय नोंद दाखवता येते: काय शिकलं, किती तास, कशी परीक्षा झाली.

महाराष्ट्रातून तिकडे वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मुलांच्या पालकांसाठी इथे वेगळं सांगणं भाग आहे. वरचं सगळं साहित्य सिद्धान्ताच्या अभ्यासाला उपयोगी आहे, रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला ते पर्याय नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप असं बंधन आहे, आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण ऑनलाइन तासांनी भरून निघत नाही. एखाद्या एजंटाने ‘सगळं ऑनलाइन होईल’ असं सांगितलं तर फी भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावरची ताजी सूचना स्वतः वाचा. जे तास प्रत्यक्ष झाले त्यांची तारखेसह, शिक्क्यासह नोंद मुलाकडे कागदावर असू द्या, आणि तिची स्कॅन प्रत घरी, इथे.